चारचौघांसारखा चेहरा

पंचफुलाबाईंनी रांगेवरून एकदा नजर फिरवली, दुसऱ्यांदा फिरवायची गरजच त्यांना वाटली नाही. त्या सरळ पुढे आल्या, गिरिधर भोयरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हाच व्हय तो मुडदा!"

तहसील कचेरीच्या मागच्या खोलीत ओळख परेड चालली होती. साधारण एकाच अंगाची, एकाच रंगाची माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती. त्यांतला एक जण पंचफुलाबाईंच्या गळ्यातली सोन्याची पोत ओढून पळाल्याचा आरोपी होता. बाकीचे सगळे डमी, म्हणजे रांग भरायला आणलेले भले लोक. गिरिधर त्या भल्या लोकांपैकी होता.

"बाई, घाई करू नका," परेड घेणाऱ्या नायब तहसीलदार मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना नीट पाहा."

"अजून काय पाहू? माह्या डोयाले काही झालं नाही. याचं थोबाड मी सरनावर गेलो तरी विसरनार नाही."

मॅडमनी गिरिधरकडे पाहिलं. गिरिधरने मॅडमकडे पाहिलं. डमीने तोंड उघडायचं नसतं हा नियम त्याला पाठ होता, नाहीतर तो तिथेच रडला असता.

खरं सांगायचं तर, भीती वाटायच्या आधी क्षणभर त्याला बरं वाटलं होतं. त्याचा चेहरा कोणाच्या तरी लक्षात राहिला होता, आणि असं आजवर कधी घडलेलं नव्हतं.

गिरिधरचा चेहरा देवाने घाईघाईत, दुसरं काही सुचेना म्हणून करून टाकला असावा. रंग गव्हाळ, नाक नाकासारखं, मिशी मिशीसारखी. लग्नात सासरच्यांनी सीमांतपूजनाला त्याच्या आतेभावाचे पाय धुवायला घेतले होते. एक पाय धुऊन झाल्यावर कोणीतरी ओरडलं म्हणून दुसरा वाचला. पुढे त्याच्या बायकोने, प्रेमिलाने, सीताबर्डीच्या गर्दीत एकदा भलत्याच माणसाची बाही धरली आणि बोलत बोलत बांगड्यांच्या दुकानापर्यंत गेली. तो बिचारा भिडेखातर काही बोलला नाही. धंतोलीतल्या ज्या खाजगी हॉस्पिटलात गिरिधर भेटीला येणाऱ्यांची लिफ्ट चालवायचा, तिथले मोठे डॉक्टर त्याला दर दिवाळीला विचारत, "नवीन लागलास का?" गिरिधर दर दिवाळीला "हो" म्हणे, कारण खुलासा करायच्या आत डॉक्टरांचा मजला येई.

अशा माणसाची किंमत जगात एकाच खात्याला कळली, आणि ते म्हणजे पोलीस खातं. डहाके हवालदार एका पेशंटचा जबाब घ्यायला हॉस्पिटलात आले होते. लिफ्टमध्ये त्यांनी गिरिधरला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि वाटेत काही सापडल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. आरोपीसारखे दिसणारे डमी मिळवणं ही हवालदाराच्या नोकरीतली मोठी कटकट. रस्त्यावरच्या माणसाला विचारावं तर तो आपल्यालाच पकडायला आले समजून पळत सुटतो. गिरिधर मात्र सगळ्यांसारखाच दिसायचा. मिशी ठेवली की निम्मे चोर त्याच्यासारखे, काढली की उरलेले निम्मे.

तेव्हापासून डहाकेंचा फोन यायचा, "भोयरभाऊ, येत्या मंगयवारी मिशी ठेवून या." कधी, "मिशी काढून या." गिरिधर हौसेने जायचा. चहा मिळायचा, तर्री-पोहे मिळायचे, आणि सरकारला आपली गरज आहे असं वाटायचं. त्याच्यावर आजवर कोणीही बोट ठेवलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्याला अभिमान होता.

तोच तो माणूस पुन्हा पुन्हा उभा करू नये, आणि गुन्हा घडला त्या भागातला तर मुळीच करू नये, हे डहाकेंना काय माहीत नव्हतं? पण नियमात बसणारा डमी शोधायला दिवस मोडतो. गिरिधरला शोधायला एक फोन पुरतो.

आज मात्र गिरिधरला घाम फुटायला आणखी एक कारण होतं, आणि ते डहाकेंनाही ठाऊक नव्हतं. पंचफुलाबाईंची पोत गेली तेव्हा गिरिधर तिथे होता.

दीड महिन्यापूर्वीची सकाळ. पंचफुलाबाई काटोलहून नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या आणि हॉस्पिटलसमोरच्या टपरीवरून थर्मासमध्ये चहा घेऊन रस्ता ओलांडत होत्या. मोटरसायकल मागून आली, चालवणाऱ्याने हात टाकला, पोत तुटली आणि बाई तोंडावर पडल्या. गाडी वळताना हॉस्पिटलच्या दाराशी उभ्या असलेल्या गिरिधरच्या अगदी जवळून गेली. हात लांब केला असता तर चालवणाऱ्याची कॉलर हातात आली असती, इतका तो जवळ होता. गिरिधरने हात लांब केला नाही. त्याने बाईंना उठवून पायरीवर बसवलं, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं, गळ्यातला दुपट्टा काढून त्यांचा हात बांधला. तेवढ्यात पोलिसांची जीप वळणावर दिसली. जीप म्हणजे जबाब, जबाब म्हणजे कोर्ट, कोर्ट म्हणजे तारखा. गिरिधर उठला, लिफ्टमध्ये गेला, दार बंद केलं आणि थेट गच्चीवर जाऊन उभा राहिला. जीप गेल्याचं वरून दिसलं तेव्हाच तो खाली आला.

आता परेडीत आरोपीला रांगेतली हवी ती जागा निवडता येते. या आरोपीने, सौरव त्याचं नाव, गिरिधरच्या शेजारची जागा निवडली. त्याला पाहताच गिरिधरने ओळखलं. तोच होता. पाठोपाठ पंचफुलाबाई आत आल्या. गिरिधर मनातल्या मनात म्हणत होता, मावशी, डावीकडे पाहा, माह्या डावीकडे. आणि बाईंनी हात ठेवला तो त्याच्याच खांद्यावर.

परेड संपली. सौरव जाता जाता त्याच्या कानाशी वाकला. "थँक्यू, भैया. क्या चेहरा पाया है!"

खोलीबाहेरच्या व्हरांड्यात बाईंचे यजमान वामनराव वाट पाहत होते. संत्र्यांचे बागाईतदार, हृदयाचं ऑपरेशन झालेले, आणि डॉक्टरांनी रागावू नका असं बजावल्यापासून जास्तच रागावणारे. रोजचा पेपर ते पहिल्या अक्षरापासून वाचत, त्यामुळे देशातल्या प्रत्येक गोष्टीला जबाबदार कोण हे त्यांना सकाळी नऊच्या आत माहीत असे.

"ओळखलं ना माह्या बायकोनं?" ते डहाकेंना म्हणाले. "मंग घाला ना बेड्या याले. पाहून काय राह्यले?"

"काका, हा आरोपी नाही. हा आपला मानूस हाय."

"आपला म्हंजे?"

"पोलिसाईचा."

"आयकलं काय वं?" वामनराव बायकोकडे वळले. "मी पयलेच म्हनत होतो. चोर पोलिसाचाच मानूस निघाला!"

डहाकेंनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी समजावून सांगितलं. सौरवला दुसऱ्याच एका प्रकरणात पकडलं होतं, तिथे त्याने ही पोतही कबूल केली होती. पण पोलिसांपुढे कबूल केलेलं कोर्टात धरत नाहीत. पोत वितळवून झाली होती. सगळी भिस्त बाईंच्या ओळखण्यावर होती, आणि बाईंनी डमीवर हात ठेवला. "केस बसली, काका."

"बसली त उठवा! काम कोनाचं हाय? अन् हॉस्पिटलचा तो कॅमेरा?"

"होता ना. मोठ्या डॉक्टरसायबाच्या गाडीकडे तोंड करून होता. गाडीवर ओरखडे कोन मारते ते पाहाले."

"तुमची गस्त काय करत होती?"

"आमी पकडून देतो, काका. सोडनारे कोर्टवाले."

सौरवचे वकील तिथूनच चालले होते. ते थांबले. "कोर्ट पुराव्यावर चालतं, हवालदारसाहेब. पुरावा आणणं तुमचं काम."

"मॅडम, तुमी सांगा," डहाके मॅडमकडे वळले.

"मी फक्त परेड घेते," मॅडम म्हणाल्या. "आणलेली माणसं उभी करते. माणसं आणणं पोलिसांचं काम, आणि ओळखणं साक्षीदाराचं."

वामनराव एकेकाकडे पाहत राहिले. "म्हंजे फिरून फिरून गोष्ट आली माह्या बायकोवर," ते म्हणाले. "पोत तिची गेली, पडली ते, हात तिचा मोडला. अन् चूक बी तिचीच!"

हिशेब खरंच तसाच निघत होता.

पंचफुलाबाई बाकावर बसल्या होत्या. आपलं काहीतरी चुकलं एवढं त्यांना कळलं होतं, काय चुकलं ते कळत नव्हतं. ऊन मी म्हणत होतं आणि त्यांचे ओठ सुकले होते. गिरिधरला तिथून निघून जायचं होतं. पण हाताची सवय वाईट. त्याने पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि वाकून त्यांच्यापुढे धरली.

बाईंनी रागारागात ती हिसकावली. दोन घोट घेतले. तिसरा घेताना थांबल्या. बाटलीला जुन्या स्वेटरची लाल बाही घातलेली होती, पाणी थंड राहावं म्हणून प्रेमिलाने कापून शिवलेली. बाईंनी त्या बाहीवरून बोट फिरवलं आणि मान वर करून गिरिधरकडे पाहिलं. तो तसाच वाकलेला होता.

"हे बाटली…" त्या म्हणाल्या. "अहो, अस्साच वाकला होता हा. यानं त मले पानी पाजलं होतं! हात बी यानंच बांधला. तो दुपट्टा मी घरी धुऊन ठेवला हाय."

मग त्यांनी स्वतःच्याच गालावर चापट मारली. "ज्यानं पानी पाजलं त्यालेच मी मुडदा म्हनलं! काय सांगू बाप्पा, तो चोट्टा त मागून आला. मले दिसला फक्त डांबर रस्ता. डोये उघडले तवा पुढं हे तोंड होतं. त्या दिवसाचं आठवाले गेलं का हेच तोंड उभं राह्यते. मले वाटलं, हाच असन."

"मॅडम, लिहून घ्या," वामनराव म्हणाले. "बायको चुकली म्हनते."

"परेड संपली आहे. पंचांच्या सह्या झाल्या आहेत," मॅडम म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं, पण पेन पर्समध्ये गेलं होतं. "आता मला त्यात काही बदलता येणार नाही."

डहाके मात्र आतापर्यंत दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते. "एक मिनिट," ते म्हणाले. "भोयरभाऊ, म्हंजे तुमी तिथं होते?"

सगळे गिरिधरकडे पाहायला लागले. आयुष्यात इतक्या लोकांनी एकाच वेळी त्याच्या तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही.

"मी लिफ्टमदी होतो," तो म्हणाला.

डहाकेंनी त्याला दंडाला धरून जिन्याखाली नेलं. "बरोबर बोलले. लिफ्टमदीच होते. आता तिथंच राहा. त्याच भागातला मानूस, वर घटना पाह्यलेला, अन् मी त्याले डमी म्हनून उभा केला! कोनी आयकलं त माही चौकशी लागन, भाऊ. माह्या पोरीचं लग्न हाय."

गिरिधरने मान हलवली. फाटकाबाहेर, जामिनावर असलेला सौरव मित्राच्या गाडीवर मागे बसला आणि गेला. मागे वळून त्याने गिरिधरला हात केला.

घरी प्रेमिला मेथी निवडत बसली होती. गिरिधरने सगळं सांगितलं. खांद्यावरच्या हाताचं सांगताना त्याला थोडं हसू आलं, प्रेमिला तर पदर तोंडाला लावून हसली. "कोनाच्या तरी ध्यानात राह्यले म्हना तुमी!" पण पुढचं ऐकताना तिचे हात हळू झाले.

"तुमी तोंड पाह्यलं होतं त्याचं?"

"हाव."

"मंग लिफ्टमदी काहून गेले?"

"जीप आली ना वं."

"जीप पोलिसाची होती का चोराची?"

प्रेमिलाने भाजी उचलली आणि ती आत गेली. जाताना तिचा हात उगाच आपल्या गळ्यातल्या पोतीकडे गेला, आणि ते गिरिधरने पाहिलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

सकाळी तो लिफ्टवर न जाता ठाण्यावर गेला.

"भोयरभाऊ," डहाके त्याचा चेहरा पाहूनच म्हणाले, "तुमी मले बुडवाले आले."

"हाव," गिरिधर म्हणाला. "माफ करा. पन मी पाह्यलं होतं."

डहाके खुर्चीत मागे टेकले. त्यांना त्याला हाकलून देता आलं असतं, साहेब नाहीत म्हणून सांगता आलं असतं, उद्या या म्हणता आलं असतं. ही तिन्ही वाक्यं त्यांना झोपेतही येत. पण त्यांनी पेन काढलं. गिरिधर बोलत गेला, ते लिहीत गेले. परेडीचा उल्लेख आला तिथे ते उठले, पंखा मोठा करून आले, घोटभर पाणी प्यायले, आणि तोही उल्लेख त्यांनी लिहिला. काय म्हणावं या माणसाला? कामचुकार होता, पण कोरडा नव्हता.

कोर्टात उभं राहायला वर्ष उलटलं. जिल्हा न्यायालयाच्या उंच इमारतीत गिरिधर बाहेरच्या बाकड्यावर बसला होता, कारण एका साक्षीदाराचं बोलणं दुसऱ्याने ऐकायचं नसतं. पण दार उघडं होतं, आणि पंचफुलाबाईंचा आवाज काटोलच्या फळबाजारात तयार झालेला होता.

आत जायच्या आधी सगळ्यांनी बाईंना समजावलं होतं. पिंजऱ्यात उभा असेल तोच, त्याच्याकडे बोट करा, दोन मिनिटांचं काम आहे. वामनरावांनी तर एसटीतून उतरल्यापासून घोकून घेतलं होतं.

"त्या दिवशी तुमची पोत ओढणारा माणूस इथे आहे का?" सरकारी वकिलांनी विचारलं.

मग बाईंचा आवाज आला. "पाह्यला नाही त पाह्यला कसा म्हनू, सायेब? एकडाव चुकून एकावर हात ठेवला, तो भला मानूस निघाला. आता पुन्हा कोनावर ठेवू? मी पाह्यला तो एकच, तो बाहेर बाकड्यावर बसला हाय. तो म्हनते का हेच पोरगं होतं, त हेच होतं. त्याच्यावर माहा भरोसा हाय."

"बाई, तुम्ही स्वतः पाहिलं तेवढंच सांगा," न्यायाधीशांनी सांगितलं.

"तेवढंच सांगून राह्यलो ना."

दाराशी उभ्या असलेल्या वामनरावांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. गिरिधर बाकड्यावर मान खाली घालून बसला. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि साक्ष द्यायला जायच्या आधी ते पुसायला दुपट्टा नव्हता.

मग त्याचं नाव पुकारलं गेलं. सौरवचे वकील त्याच्याशी फार प्रेमाने बोलले.

"तुम्ही आरोपीला किती अंतरावरून पाहिलं?"

"हात लांब केला असता त लागला असता."

"आणि पोलिसांना कधी सांगितलं?"

"दीड महिन्यानं."

"तोपर्यंत कुठे होता?"

"लिफ्टमदी."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशसाहेबांनीसुद्धा रुमाल तोंडाशी नेला.

"दीड महिना?"

"तसंच म्हना, सायेब."

"याआधीही तुम्ही अशा परेडींत उभे राहिला आहात. म्हणजे चोरांच्या रांगेत उभं राहायची तुम्हाला सवय आहे?"

"सवय हाय," गिरिधर म्हणाला. "पन आंधी कोनी ओळखलं नव्हतं."

"आणि फिर्यादीने चोर म्हणून ओळखलं ते तुम्हालाच?"

"हाव."

"मला आणखी काही विचारायचं नाही," वकील म्हणाले आणि जाकिटाची बटणं सारखी करत बसले.

निकाल लागला तो सगळ्यांना ठाऊकच होता. संशयाचा फायदा. डमी चुकीचा निवडला म्हणून पोलिसांवर ताशेरे होते, चौकशी न करता परेड घेतली म्हणून मॅडमवर होते, इतके दिवस गप्प बसला म्हणून गिरिधरवर होते. न्यायाधीशांनी कोणालाच सोडलं नव्हतं, आरोपी सोडून.

बाहेर जिन्याजवळ पुन्हा तीच बैठक भरली. डहाके म्हणाले, वकील कच्चा होता. सरकारी वकील म्हणाले, तपास कच्चा होता. वामनराव म्हणाले, देशच कच्चा आहे. सौरव त्यांच्या मधून वाट काढत, मोबाईलवर बोलत खाली उतरला.

गिरिधर पंचफुलाबाईंपुढे येऊन उभा राहिला. "मावशी, माहं चुकलं," तो म्हणाला. "त्या दिवशी थांबलो असतो त तो आज आत असता."

तिथे जमलेल्यांत हे वाक्य उच्चारणारा तो पहिलाच होता. त्यामुळे बाकीचे जरा ओशाळले आणि डहाके खिडकीतून खाली पाहू लागले.

"हाव, चुकलं," पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यांनी त्याला माफबिफ केलं नाही. पिशवीत हात घालून त्यांनी घडी केलेला दुपट्टा काढला आणि त्याच्या हातात दिला. "पन पानी पाजून झाल्यावर चुकलं. आंधी नाही."

डहाकेंची चौकशी झाली, लेखी ताकीद मिळाली, मुलीचं लग्न मात्र व्यवस्थित पार पडलं. गिरिधर जाऊन जेवून आला. परेडीला त्याला पुन्हा कोणी बोलावलं नाही. मिशी ठेवायची की काढायची, हे आता त्याचं त्यालाच ठरवावं लागे.

संत्र्यांचा बहार आला तेव्हा वामनराव तपासणीसाठी धंतोलीत आले. सोबत पंचफुलाबाई आणि संत्र्यांची भरलेली पिशवी. भेटीची वेळ होती, लिफ्ट गच्च भरली होती. गिरिधरच्या अंगावर हॉस्पिटलचा नवा गणवेश होता, त्याच्यासारखाच गणवेश घातलेले आणखी दोघे दाराशी उभे होते. पंचफुलाबाई थेट त्याच्याकडे आल्या. "कसा हायेस गा, गिरिधर?"

तो बटण दाबणार एवढ्यात समोरच्या रस्त्यावर धाडकन आवाज झाला. एका मोटरसायकलवाल्याने नारळपाणीवाल्याच्या गाडीला धडक दिली होती. नारळ रस्ताभर गडगडले, नारळवाला गुडघा धरून बसला, आणि मोटरसायकलवाला उठला, गाडी उचलली, मागे न पाहता पसार झाला. लिफ्टच्या उघड्या दारातून गिरिधरला सगळं स्वच्छ दिसलं. मोटरसायकलवाल्याच्या तोंडासकट.

गर्दी जमली. मग जीप आली, आणि गर्दी पातळ झाली. एकाला औषध आणायचं आठवलं, दुसऱ्याला फोन आला, तिसरा नारळ पायाने कडेला सारत निघून गेला. जीपमधून डहाके उतरले. "कोनी पाह्यलं काय?" त्यांनी सवयीने विचारलं.

"चला ना भाऊ, तिसरा माळा," लिफ्टमधून कोणीतरी म्हणालं.

गिरिधरचं बोट बटणावर होतं. दार मिटायला लागलं. त्याने पाय मध्ये घातला.

पंचफुलाबाईंनी संत्र्यांची पिशवी वामनरावांच्या हातात दिली आणि पुढे होऊन दारावर पंजा टेकवला. "जा तू," त्या म्हणाल्या. "दार मी धरतो."

गिरिधर बाहेर आला. त्याने वाटेतला एक नारळ उचलून नारळवाल्याच्या गाडीवर ठेवला, बाटली काढून नारळवाल्याच्या हातात दिली आणि डहाकेंकडे गेला. त्याला येताना पाहून डहाकेंनी एक लांब श्वास सोडला आणि खिशातलं पेन काढलं.

आत लिफ्टचं दार मिटायला येई, पंचफुलाबाईंच्या हाताला लागे आणि पुन्हा उघडे. लोक कुरकुरायला लागले होते, आणि या खोळंब्याला नेमकं जबाबदार कोण हे वामनराव त्यांना सविस्तर समजावत होते. बाहेर गिरिधर आपलं नाव सांगत होता, सावकाश, वडिलांच्या नावासकट.